नोकरी-घर सांभाळून ग्रीक-रोमन अभिजात साहित्य स्वतःच शिकायचं, तर सुरुवात नेमकी कुठून?

पाटीपेन्सिल

मंडळी, प्रश्न सरळ आहे. रोज ४० मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, एवढाच वेळ हाताशी आहे असं धरा. इंग्रजी बरं वाचता येतं, संस्कृत दहावीपर्यंत झालेलं आहे, शिक्षक कोणी नाही. होमरच्या इलियडपासून सुरुवात करून कालक्रमाने रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसपर्यंत दोन वर्षांत पोचायचं, असा बेत आहे.

हा बेत कुठे मोडेल ते सांगा. दुसरं म्हणजे, भाषा शिकायची की भाषांतरावर भागवायचं? भाषांतर घ्यायचं तर कोणाचं? 'मरण्यापूर्वी वाचायची १०० पुस्तकं' छापाच्या याद्या कृपया नकोत, त्या जालावर पोत्यानं आहेत.

---

चहाबाज

वाचनखूण साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत. (चहा आणि खारी घेऊन बसलोय.)

---

निळीशाई

आधी हिशोब करू. इलियडच्या ओळी १५,६९३, ओडिसीच्या १२,१०९. पद्य भाषांतर नीट वाचलं, म्हणजे मागची दोन पानं पुन्हा चाळून पुढे गेलं, तर ४० मिनिटांत साधारण ३०० ओळी होतात. म्हणजे इलियडला ५२ बैठका, साडेदहा आठवडे. ओडिसीला ४० बैठका, आठ आठवडे. दोन्ही मिळून साडेचार महिने. हे जमण्यासारखं आहे.

मोडतं कुठे, तर इलियडच्या दुसऱ्याच सर्गात. ओळ ४९४ ते ७५९ ही नुसती जहाजांची यादी आहे: कुठल्या गावचे, कोणाच्या हाताखाली, किती जहाजं. पहिल्या सर्गातलं अकिलीस-आगामेम्नॉनचं कडाक्याचं भांडण वाचून माणूस तापलेला असतो आणि पुढे ही जंत्री. पहिल्या वाचनात सरळ ७६० वर उडी मारा. पुस्तक संपल्यावर नकाशा घेऊन परत या.

दुसरी अडचण अपेक्षेची. लाकडी घोडा इलियडमध्ये नाही. अकिलीसचा मृत्यूही नाही. ट्रॉयच्या युद्धाच्या दहाव्या वर्षातले काही आठवडे आणि हेक्टरचा अंत्यविधी, एवढ्यावर काव्य थांबतं. घोड्याची गोष्ट ओडिसीच्या आठव्या सर्गात थोडी आणि रोमन कवी व्हर्जिलच्या ईनिड या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात सविस्तर येते. शेवटच्या पानापर्यंत घोड्याची वाट बघणारे खूप असतात.

वेळ फारच कमी असेल तर १, ३, ६, ९, १६, १८, २२, २४ हे आठ सर्ग आधी वाचा. कथा तुटत नाही.

---

खडूसकाका

जहाजांची यादी गाळा म्हणणं पटलं नाही. उद्योगपर्वात भीष्म कोण रथी, कोण अतिरथी ते सांगत बसतात, तसंच आहे हे. ऐकणाऱ्याला आपल्या गावाचं नाव आलं की बरं वाटायचं. ते काढून टाकायचं आणि वर 'अभिजात वाचलं' म्हणायचं!

पण मूळ मुद्दा वेगळाच. इलियडपासून सुरुवात हीच चूक आहे. ४० मिनिटंवाल्याला पहिल्या पंधरा दिवसांत एक पूर्ण कृती हातावेगळी झाली पाहिजे, नाहीतर पुस्तक उशाशी पडून राहतं. प्लेटोचं 'अपॉलॉजी' घ्या, सॉक्रेटिसचं न्यायालयातलं भाषण. स्टेफानस क्रमांकात १७ ते ४२. दोन-तीन बैठकांचं काम. लगेच 'क्रिटो', तो त्याहून छोटा. मग 'फिडो'चं फक्त शेवटचं प्रकरण, विषाच्या पेल्याचं, ११५ पासून पुढे. आठवड्याभरात खटला, तुरुंग आणि मृत्यू, तिन्ही झालं.

स्टेफानस क्रमांक म्हणजे १५७८ साली आंरी एस्तिएनने छापलेल्या प्लेटोच्या आवृत्तीची पानं. आजही कुठल्याही भाषेतल्या बऱ्या आवृत्तीत ते समासात असतात. ज्या आवृत्तीत नसतील ती घेऊ नका. दोन भाषांतरं शेजारी ठेवायची वेळ आली की हेच आकडे कामी येतात. ॲरिस्टॉटलसाठी तसेच बेकर क्रमांक, १८३१ च्या आवृत्तीचे. होमरला ओळ, इतिहासकार हिरोडोटसला पुस्तक आणि परिच्छेद.

---

चहाबाज

काका, इन्स्टाग्रामवरच्या मार्कस ऑरेलियसच्या सुविचारांना कुठला क्रमांक असतो?

---

खडूसकाका

कुठलाच नाही, तीच तर खूण आहे! त्याच्या 'चिंतनं'ची १२ पुस्तकं आहेत, प्रत्येकात क्रमांकित नोंदी. सुविचाराखाली पुस्तक-नोंद नसेल तर तो बहुधा कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला. आणि हो, सम्राट रोमचा असला तरी पुस्तक ग्रीकमध्ये आहे. त्यासाठी लॅटिन शिकायला बसू नका.

पहिलं पुस्तक नुसतं आभारप्रदर्शन आहे: आजोबांकडून काय शिकलो, आईकडून काय. कंटाळा आला तर दुसऱ्यापासून सुरू करा. (इथे गाळायला माझी हरकत नाही. निळीशाई, हसू नका.)

---

वाचनवेडी

नावांचं कोणीच बोललं नाही. पहिल्या शंभर पानांत लोक गळतात ते नावांमुळे.

इलियडमध्ये एकाच सैन्याला अकियन, आर्गाइव्ह आणि डनान अशी तीन नावं आहेत. तिन्ही एकच. अकिलीस म्हणजे पेलेइदेस, पेलेउसचा मुलगा. आगामेम्नॉन आणि मेनेलाओस दोघेही अत्रेइदेस. डायोमिडीस म्हणजे तिदेइदेस. कौंतेय, सौमित्र, दाशरथी यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे अवघड जायचं कारण नाही. फक्त एका पुठ्ठ्याच्या खुणेवर डावीकडे ग्रीक, उजवीकडे ट्रोजन असे दहा-दहा जण लिहून पुस्तकात ठेवायचे. वीसच. एखादं पात्र येऊन दोन ओळींत भाला खाऊन पडलं तर ते टिपायचं नाही.

ॲजॅक्स दोन आहेत, हे मात्र टिपा.

फुकटातलं जुनं भाषांतर घेतलं की आणखी एक फटका बसतो. सॅम्युएल बटलरचं गद्य सोपं आहे, पण त्याने देवांची नावं रोमन करून टाकलीत. झ्यूसचा जोव्ह, अथीनाची मिनर्व्हा, ओडिसियसचा युलिसिस. मग तीच माणसं दुसऱ्या पुस्तकात ग्रीक नावांनी भेटली की ओळख पटत नाही. बटलर वाचायचाच असेल तर खुणेच्या मागच्या बाजूला बारा जोड्या लिहा.

रोमकडे गेलात की उलटं होतं: माणसं वेगळी, नावं तीच. बाप, मुलगा, नातू एकाच नावाचे. कॅटो दोन, स्किपिओ तर कितीतरी. 'गायुस' हे नाव लिहिताना पहिलं अक्षर 'सी' वापरतात, कारण जुन्या लॅटिन लिपीत ग आणि क यांना एकच अक्षर होतं. म्हणून 'सी. ज्युलियस सीझर' दिसलं तर तो गायुसच.

---

भटक्या_टोळ

+१ वाचनवेडी.

भाषांतराबद्दल थोडक्यात. होमरसाठी लॅटिमोर मूळच्या ओळींना चिकटून जातो, त्यामुळे ओळ क्रमांक जवळपास जुळतात. इंग्रजी मात्र ताठ. फेगल्स वाहता आहे, मोठ्याने वाचायला छान, पण ओळी वाढतात. एमिली विल्सनची ओडिसी (२०१७) मूळ ओळीला एक इंग्रजी ओळ ठेवते आणि भाषा आजची आहे. पहिल्या वाचनाला तीच घ्यावी, असं माझं मत.

हिरोडोटस आणि थ्युसिडिडीस या दोन ग्रीक इतिहासकारांसाठी 'लँडमार्क' मालिकेतल्या आवृत्त्या बघा. दर काही पानांवर नकाशा, समासात सारांश, वर चालू घटनेचं साल. त्यांच्या थ्युसिडिडीसमध्ये क्रॉलीचं १८७४ चं भाषांतर आहे. ते नुसतं जालावर फुकट मिळतं, पण नकाशाशिवाय थ्युसिडिडीस वाचणं म्हणजे सह्याद्रीचा नकाशा न बघता शिवकालीन मोहिमा वाचण्यासारखं आहे. गाव कुठलं, खिंड कुठली, काही कळत नाही.

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अगदी स्वस्त छापील प्रतींपासून सावध. जुनी फाइल उचलून तशीच छापलेली असते. आतल्या पानावर भाषांतरकाराचं नाव नाही आणि समासात ओळ क्रमांक नाहीत, तर परत पाठवा.

---

अनुष्टुभ

आता भाषेकडे येऊ. दहावीपर्यंतचं संस्कृत म्हणजे हातात आयतं भांडवल आहे, आणि इंग्रजी क्रमिक पुस्तकं ते जमेस धरत नाहीत.

उच्चार. ग्रीक पाय आणि फाय, टाउ आणि थीटा, कॅपा आणि खाय या जोड्या अथेन्सच्या अभिजात काळात प/फ, त/थ, क/ख अशाच होत्या. इंग्रजी पुस्तकांत 'फाय'साठी फिल्ममधला फ सांगतात, तो नंतरच्या काळचा उच्चार. आपल्याला महाप्राण वेगळा शिकावा लागत नाही.

विभक्ती. संस्कृतच्या आठांच्या जागी ग्रीकमध्ये संबोधनासकट पाच, लॅटिनमध्ये सहा. उरलेल्या कुठे गेल्या हे एकदा कळलं की अर्धी लढाई संपते. लॅटिनच्या अब्लेटिव्हमध्ये तृतीया, पंचमी आणि बहुतेक सप्तमी गोळा झाल्यात. ग्रीकमध्ये पंचमी षष्ठीत गेली, तर तृतीया-सप्तमी चतुर्थीत. पुस्तकात 'अब्लेटिव्हचे १२ उपयोग' अशी भयंकर यादी येते. ती पाठ करू नका. इथे 'ने' आहे, 'हून' आहे की 'त' आहे, एवढंच विचारा.

क्रियापदं. ग्रीकचा 'मिडल व्हॉइस' म्हणजे ढोबळमानाने आपलं आत्मनेपद. भूतकाळात आधी अ लागतो तसा तिथे ए: अभरत्, एफेरे. धातू एकच. लिट् लकारात (परोक्ष भूतकाळात) ददर्श, तर तिकडे देदोर्का. आणि सति सप्तमी आठवते ना? 'सूर्ये अस्तं गते'? लॅटिनमध्ये हेच अब्लेटिव्हमध्ये येतं, ग्रीकमध्ये षष्ठीत. इंग्रज पोरं यावर महिनाभर अडतात.

आता छंद. हेक्सामीटर (होमर आणि व्हर्जिलचं वृत्त) ऐकून घाबरू नका. सहा गण, प्रत्येक चार मात्रांचा. गण एकतर भगण (गुरू-लघू-लघू) किंवा दोन गुरू. पाचवा बहुतेक वेळा भगणच. शेवटचा दोन अक्षरी, आणि त्याचं शेवटचं अक्षर कसंही चालतं. जोडाक्षराआधीचं लघू गुरू होतं, हा नियमही तोच.

ईनिडची पहिली ओळ देवनागरीत लिहून बघू:

अर्म विरुम्‌क्वे कनो, त्रोयाइ क्वी प्रीमुस अब ओरीस

शब्द सोडा, अक्षरं तोडा:

अर्-म-वि / रुम्-क्वे-क / नो-त्रो / याइ-क्वी / प्री-मु-स / बो-रीस

('क्वे'तला ए ऱ्हस्व आहे. देवनागरीत ऱ्हस्व ए नाही, तेवढं चालवून घ्या.) 'प्रीमुस अब ओरीस' हे तीन शब्द म्हणताना 'प्रीमुसबोरीस' होतात. प्रत्येक व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं. संधीची सवय असलेल्या कानाला हे सांगावंही लागत नाही.

आणि 'विरुम्‌क्वे' कडे नीट बघा. विरुम् म्हणजे वीरम्. क्वे म्हणजे च. तोही शब्दाच्या मागेच लागणारा. 'वीरं च'. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन महाकाव्याचा दुसरा शब्द तुम्ही शब्दकोश न उघडता वाचला.

---

चहाबाज

दंडवत घ्या _/\_

---

तगरवाला

अनुष्टुभ, प्रतिसाद फारच रोचक. थोडं अवांतर, पण धाग्याला धरूनच.

नवख्या वाचकाने 'पेरिप्लस' का वाचू नये? इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेली तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतची बंदर-माहिती. ६६ छोटे परिच्छेद, दोन बैठका. कुठल्या बंदरात काय विकत घ्यावं, काय विकावं, कुठे खडक आहेत, राजाला कोणत्या भेटी लागतात. साहित्य म्हणून भिकार, मान्य. पण त्यात पैठण आहे: भरुचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर. कल्याण आहे, चौल आहे. स्कॉफचं १९१२ चं भाषांतर जालावर मोफत आहे, कॅसनचं १९८९ चं टीपांसह जास्त भरवशाचं.

मग रोमन लेखक प्लिनीच्या 'नॅचरल हिस्टरी'चं सहावं पुस्तक. भारत दरवर्षी साम्राज्यातून किमान पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी तक्रार तिथेच आहे. त्यानंतर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला ब्राँझचा पोसायडन बघायला गेलात, तर तो नुसता पुतळा राहत नाही.

---

खडूसकाका

तगरवाला, म्हणजे वाचन सोडून सहल! पण एक भर घालतो. हिरोडोटसमध्ये भारत तिसऱ्या पुस्तकात आहे. १०२ ते १०५ सोनं उकरणाऱ्या, कुत्र्यापेक्षा छोट्या पण कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्या. त्याआधी ३८ वा परिच्छेद जरूर वाचा. दारियस राजा ग्रीकांना विचारतो, मेलेल्या बापाला खायला किती पैसे घ्याल? मग भारतीयांना विचारतो, जाळायला किती घ्याल? ग्रीक म्हणतात, कितीही दिले तरी नाही; भारतीय तर किंचाळतात. हिरोडोटसची सगळी वृत्ती त्या एका पानात आहे.

बाकी हिरोडोटस १.१ ते १.९४, मग थेट ७, ८, ९. मधलं पुस्तक २ म्हणजे इजिप्त, ते स्वतंत्र चघळायचं.

---

मिनर्व्हा

भाषा शिकण्याबद्दल अनुष्टुभ यांनी फार गुलाबी चित्र रंगवलंय. संस्कृतमुळे व्याकरण ओळखीचं वाटतं, पण वाचन त्याने होत नाही. वाचन होतं ते शब्दसंग्रह आणि सरावाने. ४० मिनिटांचा हिशोब इथेही करू.

लॅटिनसाठी दोन रस्ते. व्हीलॉक: ४० धडे, आधी नियम, मग वाक्यं. ओर्बर्गचं 'फॅमिलिया रोमाना': ३५ धडे, पहिल्या पानापासून फक्त लॅटिन, एका रोमन कुटुंबाची सलग गोष्ट. एकट्याने शिकणाऱ्यासाठी दुसरं बरं, कारण रोज वाचायला काहीतरी असतं. पहिले दहा धडे भराभर जातात आणि तिथेच फसगत होते. १६ व्या धड्यात रूप कर्मणी आणि अर्थ कर्तरी अशी क्रियापदं येतात, २१ व्यात पूर्ण भूतकाळ, २७ व्यात सब्जंक्टिव्ह (इच्छा, शक्यता दाखवणारी रूपं). गाडी अडते ती या तीन ठिकाणी. उपाय कंटाळवाणा आहे: १५ वा संपला की पुढे न जाता १ ते १५ पुन्हा मोठ्याने वाचा. एका आठवड्यात होतात. तसंच २० नंतर, २६ नंतर. धरून चाला, धड्याला सरासरी ८-१० दिवस, म्हणजे वर्षभर. त्यानंतर सीझर हळूहळू वाचता येतो. व्हर्जिल नाही.

शब्द. डिकिन्सन कॉलेजने सर्वाधिक येणाऱ्या शब्दांच्या याद्या जालावर ठेवल्यात, लॅटिनचे सुमारे हजार, ग्रीकचे सुमारे पाचशे. अंकी या उजळणी-कार्डांच्या ॲपमध्ये घाला, पण रोज पाचच नवे. उत्साहात वीस लावले की तिसऱ्या आठवड्यात उजळणीच ४० मिनिटं खाते आणि वाचन शून्य. पाचाने हजार शब्द २०० दिवसांत होतात.

कार्डावर स्वराची लांबी लिहाच. 'लिबेर' ऱ्हस्व इ असेल तर पुस्तक, दीर्घ असेल तर स्वतंत्र. 'मालुम' मधला आ दीर्घ असेल तर सफरचंद, ऱ्हस्व असेल तर वाईट. नुसत्या रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात.

ग्रीकला याच्या दीडपट वेळ धरा. दोन्ही भाषा एकदम सुरू करणाऱ्यांची एकही धड होत नाही.

---

अनुष्टुभ

@मिनर्व्हा, आकडे मान्य. 'गुलाबी' हा शब्द मागे घ्या :)

---

मिनर्व्हा

फिकट गुलाबी.

---

निळीशाई

मधला रस्ता कोणीच सांगितला नाही: भाषांतर वाचायचं, पण मूळ शेजारी ठेवून. लोएबच्या आवृत्त्या यासाठीच आहेत. १९१२ पासून निघतायत. ग्रीकला हिरवं कव्हर, लॅटिनला लाल. डावीकडे मूळ, उजवीकडे इंग्रजी. नव्या महाग आहेत, पण जुन्यांपैकी कितीतरी स्कॅन होऊन जालावर मोफत आहेत. आपल्याकडे भाषांतरकार वारल्यानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, तेवढं पाहून घ्या.

वापरायची रीत: उजवं पान पोस्टकार्डाने झाका. डावीकडच्या पाच ओळींत आधी क्रियापद शोधा, मग प्रथमेतलं नाम, मग बाकीचे. म्हणजे शाळेतला अन्वयच. अडलं तरी पाच ओळी संपेपर्यंत कार्ड उचलायचं नाही. रोज पाच ओळी, दहा मिनिटं. उरलेली ३० मिनिटं भाषांतराला.

टफ्ट्स विद्यापीठाचं पर्सियस संकेतस्थळ आहे, त्यात शब्दावर टिचकी मारली की रूप आणि अर्थ मिळतो. सोय मोठी, सापळाही मोठा. एकाच रूपाच्या चार शक्यता असतील तर ते चारही दाखवतं. यंत्र संदर्भावरून आकडेवारीने त्यातलं एक सुचवतं, पण तो अंदाज चुकू शकतो, म्हणून निवड तुम्हीच करायची. आणि प्रत्येक शब्दावर टिचकी मारत गेलात तर ओळ संपते तेव्हा तिची सुरुवात विसरलेली असते. ओळीला जास्तीत जास्त दोन टिचक्या, असा नियम घाला.

---

भटक्या_टोळ

लोएबवरून अवांतर: रोमन कवी मार्शलच्या चावट कवितांचं शंभर वर्षांपूर्वीच्या लोएबमध्ये इंग्रजी केलंच नाही. तिथे उजव्या पानावर इटालियन आहे!

---

चहाबाज

म्हणजे आता इटालियनसाठी वेगळा धागा काढावा लागणार.

---

वाचनवेडी

नाटकं राहिलीच. ग्रीक शोकांतिका हा खरं तर ४० मिनिटंवाल्यांसाठी सगळ्यात सोयीचा प्रकार आहे. 'अँटिगनी' १,३५३ ओळींचं, म्हणजे एका आठवड्यात एक नाटक. उरलीत तीही मोजकीच: एस्किलसची ७, सोफोक्लीसची ७, युरिपिडीसच्या नावावर १९.

सोफोक्लीसपासून सुरू करा. एस्किलसचं 'आगामेम्नॉन' आधी घेतलं तर ४० ते २५७ ओळींपर्यंत नुसता कोरस गातो, आणि तो संस्कृतातल्या कठीण स्तोत्रासारखा गच्च आहे. तिथे पुस्तक मिटतं.

वाचताना समासात कोण बोलतंय एवढंच बघू नका, कोण रंगमंचावर *नाही* तेही बघा. नट फक्त तीन, सगळे मुखवट्यात. त्यामुळे एखादं पात्र विनाकारण आत जातं तेव्हा त्या नटाला दुसरा मुखवटा चढवायचा असतो. पुढच्या प्रवेशात दूत येतो तो बऱ्याचदा तोच. हे एकदा दिसलं की नाटकाची बांधणी उघडी पडते.

'ईडिपस' मराठीत वाचायचं असेल तर पुलंनी केलेलं 'राजा ओयदिपौस' आहे. तीन-चार नाटकं झाली की विंदांचं 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र'. आधी नाही. उदाहरणं माहीत नसताना सिद्धांत वाचला की डोक्यावरून जातो.

---

खडूसकाका

सहमत. (नोंद घ्यावी, हे वारंवार होत नाही.)

थ्युसिडिडीसचंही सांगून टाकतो, कारण तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचणारे पहिल्या पुस्तकातच अडकतात. हा क्रम घ्या: १.१ ते १.२३. मग २.३४ ते २.५४, म्हणजे पेरिक्लीसचं भाषण आणि त्याला लागूनच आलेली साथ. ही दोन एकाच बैठकीत वाचायची. भाषणातलं तेजस्वी अथेन्स आणि पुढच्याच पानावर देवळांत पडलेली प्रेतं, हे त्याने मुद्दाम शेजारी ठेवलंय. मध्ये झोप काढलीत तर परिणाम जातो. मग ३.८२-८३, यादवीत शब्दांचे अर्थ कसे फिरतात ते. ५.८४ ते ११६ मेलोसचा संवाद. शेवटी ६ आणि ७, सिसिलीची मोहीम, सलग. आठवं पुस्तक इ.स.पू. ४११ वर अर्धवट तुटतं. हातातली प्रत सदोष आहे असं समजू नका.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. आता कालक्रमाचा हट्ट सोडतोय. सुधारित बेत, पहिल्या सहा महिन्यांचा:

आठवडा १: अपॉलॉजी, क्रिटो, फिडोचा शेवट. २ ते ९: ओडिसी. १० ते १२: सोफोक्लीसची तीन नाटकं. १३ ते २३: इलियड. २४ ते २६: हिरोडोटसचे निवडक भाग. सोबत रोज दहा मिनिटं लॅटिन आणि रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचं रोज एक पत्र.

---

मिनर्व्हा

शेवटचं वाक्य खोडा. दहा मिनिटांत ओर्बर्ग होत नाही, निम्मा वेळ मागचं आठवण्यात जातो. भाषा करायची तर आठवड्यातले दोन दिवस पूर्ण ४० मिनिटं तिलाच द्या आणि वाचनाचे आठवडे त्या प्रमाणात लांबवा.

सेनेकाची पत्रं १२४ आहेत. रविवारी एक पुरे. दुसरं पत्र आधी वाचा. त्यात तो मित्राला हेच बजावतो की, सगळीकडे असणारा कुठेच नसतो. थोडेच लेखक धर आणि त्यांच्यापाशी राहा.

---

निळीशाई

आणि प्रत्येक कृतीनंतर एक आठवडा कोरा ठेवा, नवं काही न घेता. खुणा केलेली पानं पुन्हा वाचायची, बस. शिवाय ऑडिओबुक प्रवासात ऐकायचं असेल तर वाचून झालेला सर्गच ऐका. न वाचलेला ऐकला की कुणी कुणाला मारलं ते हॉर्नच्या आवाजात निसटतं.

---

पाटीपेन्सिल

ठीक. रोजचं लॅटिन रद्द, मंगळवार-गुरुवार पूर्ण. सहाचे दहा-अकरा महिने होतील, होऊ देत.

@तगरवाला, पेरिप्लसमध्ये कल्याण कुठल्या परिच्छेदात आहे?

---

तगरवाला

५२. चार-पाच ओळीच आहेत. थोरल्या सातकर्णीच्या काळात कल्याण अधिकृत बाजारपेठ होती. पुढे सत्ता बदलली, बंदराची अडवणूक झाली, आणि एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे लागलंच तर पहाऱ्यात भरुचला नेलं जायचं.

---

चहाबाज

म्हणजे 'ही गाडी कल्याणला थांबणार नाही' ही घोषणा तेव्हापासूनची आहे तर.